मदत हवी आहे: कळलावीचा कंद टणक आहे, पण कोंब नाही

मंडळी, पुण्यात पूर्वेच्या गॅलरीत १२ इंची दोन कुंड्यांत कळलावी लावली आहे. आपल्या सह्याद्रीतली नव्हे, आफ्रिकेतली 'रोथ्सचाइल्डियाना', मोठी लाल फुलं आणि पाकळ्यांना पिवळी कड. (झिम्बाब्वेचं राष्ट्रीय फूल कळलावीच, म्हणून हौस जरा जास्तच!) कंद मे महिन्यात कुरियरने आले. दोन कंदांपैकी एकाचा वेल ग्रिलवर चढून पानांच्या टोकांनी गजांना विळखेही घालतोय. दुसरा जुलै अर्धा सरला तरी ढिम्म.

काल हातमोजे घालून माती बाजूला केली. कंद इंग्रजी व्ही आकाराचा, दाबल्यावर टणक, वास नाही, बुरशी नाही. एका फाट्याचं टोक आलं तेव्हाच मोडलेलं होतं, ती जखम आता सुकून तपकिरी झालीय. दुसऱ्या फाट्याच्या टोकाला मात्र पांढरट, मुगाएवढा फुगवटा (कोंबाचा डोळा) दिसतो. गेला महिनाभर तो तेवढाच आहे.

माती वाळू, कोकोपीट आणि थोडं शेणखत अशी, निचरा उत्तम. कंद आडवा, दोन इंच खोल. पाऊस थेट लागत नाही, वरची माती सुकली की पाणी देते. दोन्ही कुंड्यांना अगदी सारखंच.

बियांपासून करा असं कृपया सुचवू नका, फुलं यायला काही वर्षं जातात. आणि घरात मांजर आहे, कंद जहाल विषारी, त्यामुळे तो आत आणून उबेला ठेवणं जमणार नाही.

तर मोडका फाटा सांध्यापासून कापून डोळा असलेला तेवढाच वेगळा लावू, की या हंगामात न हलवता तसाच राहू देऊ? आणि मोडलेल्या फाट्याला नवा डोळा फुटलेला कुणी स्वतः पाहिलाय का?