रेमेडियलची खोली बंद करावी का?

खडू-डस्टर

बावीस वर्षं प्राथमिकच्या मुलांना शिकवतोय. आमच्या शाळेत जिन्याखाली रेमेडियलची खोली आहे, वाचनात मागे पडलेल्या मुलांना वेगळं बसवून शिकवायची. तिसऱ्या तासाला दारात कुणीतरी येऊन चार नावं पुकारतं. चार पोरं वह्या छातीशी धरून उठतात आणि बाकीचा वर्ग वर न बघता त्यांच्याकडे बघतो. हे 'न बघता बघणं' ज्यांनी वर्गात उभं राहून पाहिलंय त्यांना कळेल मी काय म्हणतोय.

ती चौघं वाचन सुधारायला जातात आणि तेवढ्यात विज्ञानाचा प्रयोग होऊन जातो. परत येतात तेव्हा वाचनाबरोबर विज्ञानातही मागे. वर्षभर हेच.

१९९४ साली स्पेनमधल्या सालामांका इथे ९२ देशांच्या सरकारांनी जाहीरनाम्यात मान्य केलं की सामान्य शाळेनेच सगळ्या मुलांना सामावून घ्यायला हवं. आपण पोरं शाळेत घेतली आणि आत एक छोटी वेगळी शाळा काढून त्यांना तिथे बसवलं. वरून आठवड्यातून एकदा 'भावनिक आरोग्याचा तास'. काऊन्सेलर येतात, हसरे-रडके चेहरे रंगवून घेतात. उरलेल्या तासांत त्याच मुलाचा सगळ्यांदेखत कचरा होतो, त्याचं काय?

माझं मत: खोलीला कुलूप लावा. जी काही मदत असेल ती वर्गात येऊ दे.

अक्षरओळख

मी अशाच एका खोलीत बसते, त्यामुळे धागा अंगावर आल्यासारखा वाटला. तरी शांतपणे लिहिते.

सर, डिस्लेक्सिया असलेल्या, म्हणजे हुशार असूनही वाचन जड जाणाऱ्या मुलाला वाचायला शिकवणं म्हणजे काय ते एकदा बघायला या. 'कमळ' शब्दाचे आवाज सुटे करायचे, पहिला काढला तर काय उरतं ते विचारायचं, मग अक्षर, मग मात्रा, आणि कालचं पक्कं झाल्याशिवाय आजचं नाही. मूल मोठ्याने चुकतं, पुन्हा चुकतं, आणि चुकायलाच हवं. हे तुमच्या वर्गात चाळीस जणांसमोर करू? सातवीतला मुलगा 'क' आणि 'फ' मध्ये अडखळतोय आणि शेजारी निबंध चाललाय, असं?

१८९६ साली प्रिंगल मॉर्गन या ब्रिटिश डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची नोंद प्रसिद्ध केली होती. हुशार मुलगा, गणित उत्तम, पण वाचता येईना. शिक्षण सगळं तोंडी असतं तर हा शाळेतला सगळ्यांत चुणचुणीत मुलगा ठरला असता, असं त्याचे मास्तर म्हणत. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीही मुलगा वर्गातच होता, आणि मास्तरांचं त्याच्याविषयी मतही चांगलं होतं. वाचायला मात्र आलं नाही.

वर्गात सामावून घेण्याची गोष्ट निघाली की लोक इटलीचं नाव घेतात. इटलीने १९७७ च्या कायद्याने विशेष वर्ग मोडीत काढले, खरं आहे. पण त्याच कायद्यात अशा मुलांच्या वर्गात २० पेक्षा जास्त मुलं नकोत असं होतं आणि जोडीला प्रशिक्षित शिक्षकाची तरतूद होती. कुलूप लावायची घाई सगळ्यांना, पुढचं वाचायची कुणालाच नाही.

सरळरेघ

वाईट दिसेल, पण लिहितो. एक शिक्षक आणि पंचेचाळीस मुलं. त्यातलं एक अस्वस्थ झालं की खुर्ची फेकतं. त्या दिवसापुरता चव्वेचाळीस जणांचा तास गेला. त्यांची बाजू कुठल्या जाहीरनाम्यात आहे?

खुद्द ब्रिटनमध्ये ज्या बाईंच्या समितीने १९७८ साली विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी सामान्य शाळेची दारं उघडण्याचा आग्रह धरला, त्या मेरी वॉर्नॉक यांनीच २००५ मध्ये लिहिलं की हे प्रकरण फसलंय, पुन्हा विचार करा.

आणि भावनिक आरोग्याचं म्हणाल तर तिथेच शाळांमधून माइंडफुलनेस, म्हणजे श्वासाकडे आणि मनातल्या विचारांकडे शांतपणे लक्ष देणं, शिकवण्याची मोठी चाचणी झाली. आठ हजारांहून जास्त मुलं. २०२२ मध्ये निष्कर्ष आले: नेहमीच्या शिकवण्यापेक्षा काडीचाही जास्त फायदा नाही. तो वेळ गणिताला द्या.

मागचा बाक

मी 'खोलीवाला' होतो. वर्गात आम्हाला हेच म्हणायचे.

खरं सांगायचं तर त्या खोलीत मला कुणी हसलं नाही, म्हणून ती आवडायची. छळ वर्गात व्हायचा. ओळीने धडा वाचायला लावायचे ना, एकेकाला एक परिच्छेद? मी पुढच्या मुलांची डोकी मोजायचो, माझ्या वाट्याला कुठला परिच्छेद येतोय ते काढायचो आणि तेवढाच शेजाऱ्याकडून कुजबुजत पाठ करून घ्यायचो. मधला धडा कधी ऐकलाच नाही. आणि मध्ये एखादा गैरहजर असला किंवा बाईंनी कुणाला दोन परिच्छेद दिले की संपलं.

खोली ठेवा नाहीतर पाडा, ते ओळीने वाचणं आधी थांबवा. त्याला पैसे लागत नाहीत, जाहीरनामा लागत नाही. ज्याला वाचायचंय त्याला आदल्या दिवशी परिच्छेद सांगा, एवढं केलं असतं तरी माझी दोन वर्षं पोटदुखीत गेली नसती.

आकडेबहाद्दर

सरळरेघ, तुमची २०२२ ची चाचणी बरोबर आहे, निष्कर्ष जरा ताणलाय. ती एका विशिष्ट तंत्राची चाचणी होती, आणि बहुतेक पोरांनी घरी सराव केलाच नाही. दुसरीकडे २०११ साली २१३ कार्यक्रमांचा एकत्र अभ्यास झाला, पावणेतीन लाखांच्या आसपास मुलं. राग ओळखणं, भांडण मिटवणं अशी कौशल्यं पायरीपायरीने शिकवली तिथे वागणूक सुधारलीच, शिवाय अभ्यासातही सरासरी ११ पर्सेंटाइलची वाढ दिसली, म्हणजे शंभर मुलांच्या रांगेत मधलं मूल साधारण अकरा जागा पुढे. म्हणजे तो वेळ गणितातून चोरलेला नव्हता.

आता खडू-डस्टर. 'मदत वर्गात येऊ दे' म्हणजे बहुतेक ठिकाणी एक मदतनीस बाई मुलाशेजारी येऊन बसणार. ब्रिटनमध्ये २००३ पासून काही वर्षं यावरच मोठा अभ्यास झाला. ज्या मुलांना मदतनिसांचा आधार जास्त मिळाला, त्यांची प्रगती तशाच दुसऱ्या मुलांपेक्षा कमी निघाली. मुलांची मूळची अडचण लक्षात घेऊनही. कारण साधं: मदतनीस आली की शिक्षक तिकडे फिरकत नाही, आणि मदतनिसाचं लक्ष पान भरण्यावर.

एका मुलाची आई

आकडेबहाद्दर, आमच्या घरी अगदी हेच. शॅडो टीचर आहे, म्हणजे वर्गात फक्त त्याच्याशेजारी बसणाऱ्या मदतनीस ताई. गणित कसं केलंस विचारलं तर म्हणतो, "ताईंना माहितीये." वर्गातच बसतो, पण त्याच्याभोवती अदृश्य खोली आहे. वर्गशिक्षिका त्याच्याविषयीचा प्रश्नही ताईंना विचारतात.

अवांतर: 'शिक्के मारू नका' असं इथे कुणी म्हणायच्या आत सांगते. तपासणी होऊन कागद हातात आला तेव्हा परीक्षेत जादा वेळ मिळाला आणि 'आळशी आहे' हे ऐकणं बंद झालं. त्याच्यावर शिक्का आधीही होताच, फक्त चुकीचा होता.

सरळरेघ, खुर्चीचं म्हणाल तर माझ्याही मुलाने एकदा फेकलीय. त्याआधी वीस मिनिटं तो कान झाकून बसला होता.

सरळरेघ

ताई, तुमच्या मुलाविषयी नव्हतं. पण पंचेचाळीस जणांच्या वर्गात कान झाकलेलं मूल दिसणार कसं, हा माझा प्रश्न तसाच आहे. आकडे वाचले. वर्गसंख्या न बदलता हे सगळं करा म्हणणाऱ्यांशी मी असहमतच राहणार.

खडू-डस्टर

बरंच ऐकून घेतलं. मदतनिसांविषयी मी भाबडा होतो, मान्य. ओळीने वाचून घेणाऱ्यांत मीही आहे. उद्यापासून बंद.

पण अक्षरओळख, एक सोडत नाही. तुमच्या खोलीत आलेलं मूल परत कधी जातं? आमच्याकडे दुसरीत गेलेलं मूल सातवीतही तिथेच जातंय. बाहेर पडण्याची तारीख नसलेल्या मदतीला मी मदत म्हणणार नाही. आणि खेळ, चित्रकला, प्रयोग यांच्या तासांना हात लावायचा नाही. वाचता न येणाऱ्या पोराला जिथे पहिला नंबर मिळतो, नेमका तोच तास आपण कापतो.

अक्षरओळख

तारखेचं मान्य. मी दर आठ आठवड्यांनी प्रत्येकाचं मिनिटभराचं वाचन मोजते. तो तक्ता आजवर एकाही वर्गशिक्षकाने मागितला नाही, तुम्ही मागा. दारात नावं पुकारणंही थांबवता येईल, मुलांना घड्याळ कळतं.

तासांचा प्रश्न उरतो. खेळ नको, चित्रकला नको, विज्ञान नको, गणिताला गणिताचे सर सोडत नाहीत. राहिला तुमचा भाषेचा तास. आठवड्यातून तीनदा, पंचवीस मिनिटं. देताय?