रोजची गाडी हाताला, पायाला, पाठीला कशी लागते? (अनुभव धागा)

चौथा_गिअर
काल सहकाऱ्याची गाडी घेऊन दहा मिनिटांच्या कामाला गेलो होतो. तिचा पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर. पहिल्यातून दुसरा आठवणीने वर उचलला. पुढे रस्ता मोकळा दिसला, लक्ष सुटलं आणि तिसऱ्यासाठी पाय सवयीने पुढे दाबला गेला. पडला पहिला. इंजिन ओरडलं, मागचं चाक क्षणभर घासलं. मागे कोणी नव्हतं म्हणून निभावलं. बाजूला थांबलो तर पाय थरथरत होता, आणि आठवले बाबा.

आमच्याकडे स्प्लेंडर होती. १९९४ साली ती बाजारात आली, आमच्या घरी त्यानंतर चार-पाच वर्षांनी. ९७.२ सीसीचं आडवं इंजिन, चार गिअर, चारही पुढे दाबून टाकायचे आणि टाचेने उतरवायचे. बाबा मागे बसून शिकवायचे. "गिअर बघायचा नसतो, ऐकायचा असतो," एवढंच सांगायचे. आवाज जड झाला की टाच, हलका होऊन पळायला लागला की पंजा. चौदा वर्षं ती गाडी चालवली. विकून सात वर्षं झाली, पण पायाने ती अजून विकलेली नाही.

ॲव्हरेजचे आकडे सगळीकडे मिळतात, ते इथे नकोत. सकाळी पहिल्या किकला गाडी काय म्हणते, गर्दीत रांगताना क्लच कसा वागतो, डबलसीट बसल्यावर काय बदलतं, संध्याकाळी उतरल्यावर हात-पाठ काय सांगतात, ते लिहा. शंभर, एकशेदहा, एकशेपंचवीस, कोणतीही साधी गाडी चालेल.

किकस्टार्ट
टाच-पंजा!! माझंही सेम. नवीन गाडीला मागचा, म्हणजे टाचेचा दांडाच नाही, फक्त पुढचा. बुटाच्या वरच्या बाजूला सहा महिन्यांत खड्डा पडला. डाव्याच बुटाला.

लांबपल्ला
मी पार्सल पोचवतो. दिवसाला शंभर-एकशेवीस किलोमीटर, पण ते सलग नाहीत. साठ-सत्तर वेळा थांबा, स्टँड लावा, उतरा, चढा. म्हणून माझं मोजमाप वेगळं आहे. मला इंजिन शेवटी आठवतं. आधी आठवतो साइड स्टँड, तो पायाला न बघता सापडतो का. मग न्यूट्रल. आधीच्या गाडीला उभं राहिल्यावर न्यूट्रल लागायचाच नाही, पहिल्यातून दुसरा, दुसऱ्यातून पहिला, आणि सिग्नल सुटायचा. दिवसातून पन्नासदा हे झालं की संध्याकाळी डाव्या हाताची मूठ मिटत नाही. मग एका जुन्या ड्रायव्हरकाकांनी सांगितलं की गाडी पूर्ण थांबायच्या आत, चाक अजून फिरत असतानाच न्यूट्रल करायचा. चाक फिरत असेल तर गिअर सहज सरकतात. तेवढ्यावर हात वाचला.

आता प्लॅटिना आहे, पाच गिअरवाली ११०. सीट मऊ आणि लांब, बॅग मागे बांधूनही मला जागा उरते. पाचवा टाकला की पन्नासला इंजिन गप्प होतं. हे गप्प होणं काय असतं ते दिवसभर हँडल धरणाऱ्यालाच कळेल.

निळीटाकी
> पाचवा टाकला की पन्नासला इंजिन गप्प होतं

अगदी. एका सिलिंडरचं छोटं इंजिन, ताकद आठ अश्वशक्तीच्या आसपास. चार गिअरवर साठच्या पुढे नेलं की ते जीव तोडून फिरत असतं, आणि पिस्टनचा प्रत्येक हेलकावा हँडलात आणि फूटरेस्टमध्ये येतो. माझ्या जुन्या शंभरीवर (कंपनी सांगत नाही) पंचेचाळीसला स्वर्ग, पंचावन्नला करंगळीत मुंग्या, पासष्टला आरशात मागची गाडी एक की दोन ते कळेना. कामावर जायला अठरा किलोमीटर मोकळा रस्ता होता. शेवटी मीच पंचेचाळीसवर आलो. सात मिनिटं आधी निघायला लागलो, बाकी काही बिघडलं नाही.

पाऊसवेडी
उंची चार फूट अकरा इंच. कुठलीही मोटरसायकल बघायला गेलं की समोरचा माणूस स्कूटरकडे बोट दाखवायचा. मला गिअरचीच हवी होती, कारण भावाच्या गाडीवर शिकले आणि क्लच सोडताना गाडी जी हळूच पुढे झुकते ना, ते मला फार आवडतं.

शाइन १०० घेतली. २०२३ ला आली तेव्हाच. वजन ९९ किलो आणि सीट ७८६ मिलिमीटरवर. कागदावर वाचून काही कळलं नव्हतं, बसल्यावर कळलं. दोन्ही पायांचे चवडे टेकतात, आणि उतारावर तोंड करून लावलेली गाडी मी एकटी मागे ओढू शकते. हे दुसरं वाक्य ज्यांना कधी अडचण आली नाही त्यांना क्षुल्लक वाटेल. मी तीन वर्षं पार्किंगमध्ये "जरा गाडी काढून देता का" असं म्हणत आले. आता नाही म्हणावं लागत.

रानवाट
वा ताई! वाचून बरं वाटलं. माझ्या बहिणीला दाखवतो हे, ती पण पाच फुटांच्या आतली.

पाऊसवेडी
दाखवा नक्की. आणि तिला सांगा शोरूममध्ये बसून ठरवू नको, स्टँड काढून गाडी दहा पावलं मागे ढकलून बघ. त्यातच समजतं.

तेलकट_हात
गॅरेजमध्ये बावीस वर्षं झाली. तुम्ही जे लिहिताय त्यातलं निम्मं गाडीचं नाही, चेन आणि हवेचं आहे. रागावू नका.

माणूस येतो, म्हणतो गाडी धक्के देते, क्लच खराब आहे. बघतो तर चेन लोंबतेय. खालची चेन मधोमध बोटाने वर-खाली करायची, दोन ते तीन सेंटिमीटर हलली पाहिजे. जास्त हलली तर ॲक्सिलरेटर सोडता-धरताना हिसका बसणारच. आणि कमी हलली तर त्याहून वाईट, माणूस मागे बसल्यावर ती ताणते आणि बेअरिंग खाते. हवा साधारण पुढे २५, मागे २८, डबलसीटला मागे आणखी. गाडीवर स्टिकर असतो, तो वाचा. पुढची हवा कमी असली की हँडल जड लागतं आणि लोक म्हणतात गाडीच जड आहे.

दोन गाड्यांची तुलना करायची तर दोन्हींची चेन आणि हवा सारखी करून मग चालवा.

चौथा_गिअर
काका, आत्ता खाली जाऊन चेन बघून आलो. चार सेंटिमीटर तरी हलतेय. उद्या करून घेतो.

किकस्टार्ट
माझी पण लोंबतेय 🙈

आडवळण
विषय सोडून विचारतो, माफ करा. आरएक्स १०० कोणी रोज चालवली आहे का? मामाकडे होती. १९८५ ते १९९६ एवढाच तिचा काळ, पण त्या वासाने आजही मान वळते.

लांबपल्ला
शेजारच्या दादाची चालवलीय, रोज नाही. ९८ सीसी आणि अकरा अश्वशक्ती, आजच्या शंभरीपेक्षा तीन जास्त. पण रोजच्या कामाला एक फरक मोठा. टू-स्ट्रोक, ॲक्सिलरेटर सोडला तरी गाडी वाहतच राहते, इंजिन मागे ओढत नाही. फोर-स्ट्रोकवर आपण नकळत निम्मं ब्रेकिंग इंजिनकडून करून घेतो. तिच्यावर बसल्यावर पहिल्या वळणालाच ते लक्षात आलं, पोटात गोळा.

आडवळण
हो हो! मामा म्हणायचा ही गाडी थांबवायला शीक, पळवायला ती स्वतः शिकवेल. फोटो सापडला तर टाकतो.

मागची_सीट
मी चालवत नाही. मी कायम मागे बसणारी. माझं पण लिहू का?

चौथा_गिअर
लिहाच. तेच कोणी लिहीत नाही.

मागची_सीट
सव्वीस वर्षं मागे बसतेय, चार गाड्या झाल्या. आमच्या यांना विचाराल तर पिकअप, ॲव्हरेज. मला विचाराल तर: धरायला दांडी कुठे आहे, पाय ठेवायचा फूटरेस्ट किती उंच आहे, सीट मागे उतरती आहे की पुढे. एका गाडीची सीट पुढे उतरती होती. प्रत्येक ब्रेकला मी त्यांच्यावर आणि ते टाकीवर. दुसरीला फूटरेस्ट इतका वर की अर्ध्या तासाने गुडघा सरळ होत नसे. गुडघेदुखी त्याआधीही होती, सगळा दोष गाडीचा नाही. पण तो अर्धा तास मला अजून आठवतो.

सगळ्यात आवडली ती सगळ्यात जुनी, सपाट लांब सीटवाली. मधे मुलगा बसायचा. तो झोपला की त्याचं हेल्मेट माझ्या हनुवटीला टेकायचं. गाडी गेली, मुलगा सहा फुटांचा झाला.

रानवाट
❤️

निळीटाकी
काकू, हे वाचून आत्ता आईला फोन केला. विचारलं माझ्या गाडीवर त्रास होतो का. म्हणाली "होतो, पण तू विचारलं नव्हतंस." आता मागचे शॉकअप एक खाच खाली आणतो. मी एकटा फिरतो म्हणून नाही, उलट कोणीतरी कडक करून ठेवले होते आणि मी पाहिलंच नाही.

तेलकट_हात
निळीटाकी, आई आणि तू मिळून वजन किती त्यावर बघ. फार मऊ केलेस तर खड्ड्यात तळाला आपटेल, तो धक्का जास्त वाईट. एक खाच कर, चालव, आईला विचार, मग पुढची.

हळूहळू
सगळं वाचलं नाही, कामात आहे. माझा मुद्दा रिझर्व्हचा, म्हणजे टाकीतल्या राखीव पेट्रोलचा. कार्ब्युरेटरच्या गाडीवर चालता चालता इंजिन गुरगुरलं की डावा हात खाली, पेट्रोलचा कॉक फिरवला, गाडी परत चालू. न बघता व्हायचं ते. २०२० च्या बीएस-६ या धुराच्या नियमांनंतर इंजेक्शनच्या गाड्या आल्या, बहुतेकींना कॉकच नाही, काट्यावर विश्वास ठेवायचा. थंडीत चोक ओढायला नको, बटण दाबलं की चालू, हे सुख आहेच. पण टाकी कोरडी होईपर्यंत चालवू नका. पेट्रोल पंप टाकीच्या आत असेल तर पेट्रोलच त्याला थंड ठेवतं.

माझा डावा हात अजून गुडघ्यापाशी जातो, काट्यावर शेवटची रेघ आली की.

चौथा_गिअर
तुमचा हात, माझा पाय!

रानवाट
कोणाकडे ती सीएनजीवाली आहे का, फ्रीडम १२५? २०२४ मध्ये आली ती. सीटखाली दोन किलोची टाकी, वर दोन लिटर पेट्रोल. सीट लांबलचक दिसते. मागची_सीट काकूंना चालेल का बघतोय 🙂

मागची_सीट
आधी दांडी कुठे आहे ते सांगा!

किकस्टार्ट
चेन करून आलो. तेलकट_हात काका, वेगळीच गाडी झाली हो. पहिल्या-दुसऱ्यात रांगताना जो हिसका बसायचा तो गेला. दीड वर्ष मी क्लचला दोष देत होतो. वायरही बदलली होती त्यापायी.

तेलकट_हात
बरं झालं. आता पाचशे किलोमीटरवर चेनला तेल. आणि चाक सरळ बसवलंय ना ते बघ, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या हव्यात.

किकस्टार्ट
खुणा कुठे असतात?

तेलकट_हात
मागच्या चाकाच्या नटापाशी, फोर्कवर बारीक रेघा. दिसत नसतील तर फडक्याने पूस, चिखलाखाली असतील.