रोजच्या कामाच्या मशीनवर ब्राउझरची कच्ची आवृत्ती वापरावी का?

अक्षरजुळारी (शाहूपुरी)

परवा चहाच्या गाड्यावर सेतू केंद्र चालवणाऱ्या मित्राशी वाजलं. त्याचं म्हणणं, ब्राउझरची चाचणी आवृत्ती टाकणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग, पोटाच्या मशीनवर असलं काही नको. मी तीन वर्षं पोटाच्याच मशीनवर वापरतोय. चहा संपला, वाद संपला नाही, म्हणून इथं मांडतो. त्यालाही लिंक पाठवलीय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फायरफॉक्सची नाइटली साधारण दिवसातून दोनदा बनते, क्रोमची कॅनरी जवळपास रोज. काल कुणीतरी लिहिलेला कोड आज सकाळी तुमच्या स्क्रीनवर. फायरफॉक्सचं गणित असं की नाइटलीत चार आठवडे, मग बीटात, म्हणजे जरा पक्क्या चाचणी आवृत्तीत, चार आठवडे, मग सगळ्यांच्या हातात. मधल्या काळात कुणी ओरडलं नाही तर नाइटलीत शिरलेली चूक दोन महिन्यांत गल्लीभर.

आता माझा किस्सा. गेल्या पावसाळ्यात एका गूळ अडत्याचं वेबपान करत होतो. ब्राउझरचं नाव लिहीत नाही, लिहिलं की धागा खासबागेच्या कुस्तीच्या आखाड्यात जातो. सकाळी अपडेट झालं आणि मथळ्यातलं 'गुऱ्हाळ' फुटलं. खाली नुक्ता दिलेला पायमोडका र, आणि त्याच्यापुढं अंतर सोडून 'हाळ'. खालच्या मजकुरात मात्र तोच शब्द ठणठणीत. अर्धा तास मी फॉन्टला शिव्या घातल्या. मग लक्षात आलं, मथळ्यात अक्षरांमधली जागा जरा वाढवली होती, आणि तेवढ्यानं तो अर्धा र गळत होता. ब्राउझरवाल्यांकडं चुकीची नोंद केली. ती आवृत्ती लोकांपर्यंत जायच्या आत दुरुस्तीही झाली.

हिंदीत काम करणाऱ्याला ही चूक दिसणार नाही, कारण त्याला हा र लागतच नाही. नेपाळीत आहे, आपल्यात आहे. आणि आपल्यात तो शोभेला नाही. 'आचार्याला बोलवा' म्हटलं तर गुरुजी येतील, 'आचाऱ्याला बोलवा' म्हटलं तर तांबडा रस्सा होईल. हा फरक तपासायला मराठीत दिवसभर काम करणारा माणूस लागतो, आणि तो कामाच्याच मशीनवर असतो. बोला.

सेतूवाला

मीच तो मित्र. हा नेहमी अर्धीच गोष्ट सांगतो.

मागच्या जूनमध्ये भाच्यानं हौसेनं एक चाचणी आवृत्ती माझ्या काउंटरच्या मशीनवर टाकली आणि तीच मुख्य करून ठेवली. मला पत्ता नाही. सकाळी दहाला शटर वर केलं, बाहेर चौदा माणसं. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेयर, सगळ्यांची प्रवेशाची गडबड. अंगठ्याचं मशीन लावलं. दिवा लागतोय, पण पान म्हणतंय उपकरण सापडलं नाही. वायर बदलली, पोर्ट बदलला, काच पुसली. पुढं राधानगरीकडनं पहाटेच्या एसटीनं आलेली एक म्हातारी उभी होती. ती पदरानं अंगठा पुसत म्हणाली, "बाळा, भांगलून भांगलून माझा अंगठाच झिजलाय बघ."

चूक कुणाची आणि दोष कोण घेतंय! पाऊण तासानं भाचा आला तेव्हा उलगडा झाला. तुझं गुऱ्हाळ फुटलं तर अडत्या आठ दिवस थांबतो. माझ्या माणसांची तारीख थांबत नाही. यापुढं एवढंच म्हण की 'माझ्या' मशीनवर वापरा. 'कामाच्या' मशीनवर म्हणू नकोस.

भट्टीवाला (उद्यमनगर)

सेतूवाल्यांना शंभर टक्के पाठिंबा. आमच्यात नवीन पॅटर्न आला की आधी दोन-चार नग ट्रायलला ओततो. कापून बघतो, मापं घेतो. गिऱ्हाइकानं पास केल्याशिवाय लॉट धरत न्हाय. ह्या ब्राउझरवाल्यांचं उलटं, ओतलेलं गरम गरमच दारात आणून टाकतात आणि वर म्हणतात, तडा गेला तर कळवा.

अक्षरजुळारी (शाहूपुरी)

भट्टीवाले काका, ब्लोहोल कधी दिसतो? वरनं कास्टिंग गुळगुळीत असतं, मशीनिंगला चढवून कातरा पडला की भोक उघडं पडतं. माझं तेच म्हणणं आहे. रिकामं पान उघडून बघितलं तर प्रत्येक ब्राउझर चांगलाच दिसतो. त्यावर गुळाचे दर चढवा, रात्री अकराला गिऱ्हाइकाला पाठवा, तेव्हा भोक दिसतं.

सेतूवाल्या, म्हातारीचं वाईट वाटलं, खरंच. पण तू तर ती आवृत्ती टाकलीच नव्हतीस. दुसऱ्यानं न विचारता टाकली.

भट्टीवाला (उद्यमनगर)

मशीनिंगला दिसतं हे मान्य. पण ते आमच्या लेथवर, आमच्या पैशानं दिसतं. गिऱ्हाइकाच्या इंजिनात बसवून बघत न्हाय आम्ही.

सायबर_चौक

मला दोघांचंही पटत नाही. मशीन कुठलं हा प्रश्नच दुय्यम आहे. फुकट का करायचं, हा खरा प्रश्न.

मोझिलानं २००४ मध्ये सुरक्षेतली त्रुटी शोधणाऱ्याला ५०० डॉलर द्यायला सुरुवात केली. क्रोमियमनं, म्हणजे क्रोम ज्यावर उभं आहे त्या खुल्या प्रकल्पानं, २०१० मध्ये तसंच बक्षीस सुरू केलं. म्हणजे सापडवणाऱ्याच्या कामाला किंमत असते हे त्यांनाही माहीत आहे. पण फुटलेल्या 'गुऱ्हाळा'ला किती मिळाले? शून्य. आपल्या भाषेची चूक आपणच शोधायची, आपल्याच डेटावर, आणि वर आभार मानायचे.

आणि 'कॅनरी' हे नाव बघा. कोळशाच्या खाणीत विषारी वायू कळावा म्हणून पिंजऱ्यातनं न्यायचे तो पक्षी. पक्षी पडला की माणसं बाहेर पळायची. पक्ष्याला कुणी विचारलं होतं का? निदान नाव प्रामाणिक ठेवलंय म्हणायचं.

मिसळ_एक्स्ट्रा_कट

जगात भारी कोल्हापुरी, आणि ब्राउझर फुटका घेऊन फिरतोय. नाद खुळा!

ताराराणी_चौक

मी पुण्यात टेस्टिंग करते, सुट्टीला घरी आलेय, आणि हा धागा बघून सुट्टी गेली.

सेतूवाले दादा, तुमच्याकडं जे झालं ते 'चाचणी आवृत्ती टाकली' म्हणून झालं नाही, 'मुख्य केली' म्हणून झालं. या आवृत्त्या नेहमीच्या ब्राउझरशेजारी वेगळ्या बसतात. फायरफॉक्समध्ये मे २०१९ च्या ६७ व्या आवृत्तीपासून तर प्रत्येकाचं प्रोफाइलही आपोआप वेगळं असतं. नव्यानं हात लावलेलं प्रोफाइल जुन्यात उघडायला गेलात तर तो अडवतो आणि नवं बनवा म्हणतो. हे अडवणं चांगलं आहे, नाहीतर बुकमार्क आणि पासवर्डांची खिचडी होते. भाच्याला एवढंच सांगा की मुख्य ब्राउझर बदलायचा असेल तर आधी मामाला विचारायचं.

अक्षरजुळारी, तुमचं कौतुक करून झालं की एक भांडण आहे. तुम्ही गिऱ्हाइकांचे पासवर्ड, बँक, सगळं त्याच कच्च्या आवृत्तीत ठेवता का? ब्राउझर कोसळला की जो अहवाल जातो त्यात त्या क्षणी मेमरीत असलेला तुकडा जाऊ शकतो. नाइटली तर वापराची माहिती मुळातच पाठवते, बंद करायची तर सेटिंगमध्ये जाऊन करावी लागते. स्वतःची माहिती धोक्यात घाला, खुशाल. अडत्याची घालायच्या आधी अडत्याला विचारलं होतं?

सायबर_चौक, पैशाचं खरं आहे. पण बीटा हा शब्द इतका गुळगुळीत झालाय की लोकांना जोखीम कळतच नाही. जीमेल एप्रिल २००४ पासून जुलै २००९ पर्यंत बीटा होतं. पाच वर्षं! क्रोम आलं २ सप्टेंबर २००८ ला आणि डिसेंबरात बीटाची पाटी उतरवली. एकच शब्द, एकीकडं पाच वर्षं, दुसरीकडं शंभर दिवस. त्यातनं सामान्य माणसानं काय समजायचं?

अक्षरजुळारी (शाहूपुरी)

ताई, अडत्याला विचारलं नव्हतं. पासवर्ड होते. कालच काढले. यावर माझ्याकडं उत्तर नाही.

फुकटेपणाबद्दल मात्र आहे. त्या नोंदीचं काय झालं ते सांगतो, म्हणजे काम किती होतं तेही कळेल. तीन आठवडे तिकडनं एक शब्द नाही. मग कुणीतरी विचारलं, फॉन्ट कुठला? सांगितला. चार दिवसांनी, कुठल्या दिवसापासून बिघडलं ते शोधता येईल का? आता हे कसं शोधतात? एक चांगली जुनी आवृत्ती धरायची, एक बिघडलेली धरायची, मधली उतरवायची. तिच्यात फुटलं तर चूक आधीच्या निम्म्यात, नाही फुटलं तर नंतरच्या निम्म्यात. पुन्हा निम्मं. महिन्याभराच्या साठ-पासष्ट आवृत्त्या असल्या तरी सहा फेऱ्यांत बोट ठेवता येतं. रात्री बारा ते दोन बसलो. सहाव्या फेरीला 'गुऱ्हाळ' जिथं मोडलं तो दिवस सापडला, आणि काय सांगू, इतका आनंद मला बिल वसूल झाल्यावरही होत नाही.

सायबर_चौक

दोन तास जागून त्यांचं काम करून दिलं आणि आनंद झाला. यालाच तर मी नावं ठेवतोय!

अक्षरजुळारी (शाहूपुरी)

भावा, त्यांचं म्हणतोस, पण 'गुऱ्हाळ' आपलं आहे. आपण नाही बघितलं तर दुसरं कोण बघणार?

अजून एक. २०२३ च्या सप्टेंबरात युनिकोडची, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक प्रमाणाची, १५.१ आवृत्ती आली. तिच्या नियमानं देवनागरी जोडाक्षर हे एकच एकक धरलं जातं. ज्या प्रोग्रामनं तो नियम उचलला त्यात 'राष्ट्र'मधलं अख्खं 'ष्ट्र' कर्सर एका उडीत ओलांडतो. मला हे आवडत नाही. जुळारी माणूस, मला मधला ट पकडायचा असतो. माझी बायको म्हणते, बरंच झालं, पूर्वी बाण दाबला तरी कर्सर हललाय का कळायचं नाही. आमच्या एका घरात दोन मतं आहेत. असलं ठरताना आपली मतं कुठंतरी नोंदलेली असावीत एवढंच.

ताराराणी_चौक

तुमची बायको बरोबर आहे.

आणि शोधाचं बघितलंय का कधी? अर्धा र लिहायच्या दोन पद्धती आहेत. एक ऱ घेऊन, इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट आणि जे. दुसरी जुनी, साधा र, पाय मोडायचा, आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही 'दुसऱ्या' सारखेच. आतून वेगळे. पानात एक शोधलं तर दुसरं सापडेलच याची खात्री नाही. पुढची चाचणी यावर करा, आणि या वेळी पासवर्ड न ठेवता.

सायबर_चौक

बरं, मी शत्रू नाही. मला स्वतःला लेडीबर्ड या नव्या ब्राउझरची उत्सुकता आहे. सध्या बहुतेक ब्राउझर क्रोमियमवर उभे आहेत. ऑपेरा २०१३ मध्ये तिकडं गेला, एज २०२० मध्ये. लेडीबर्डवाले इंजिन शून्यापासून लिहितायत. २०२४ मध्ये त्यांनी ना-नफा संस्था काढली, आणि पहिली अल्फा, म्हणजे बीटाच्याही आधीची कच्ची आवृत्ती, २०२६ मध्ये लिनक्स आणि मॅकसाठी असं जाहीर केलं. तिथं मी फुकट राबेन. मोठ्या कंपनीसाठी नाही. विसंगती वाटली तर वाटू दे.

भट्टीवाला (उद्यमनगर)

आमच्याकडं सगळं विंडोजच. आम्ही सुटलो.

सेतूवाला

ताई, भाच्याला दम दिला. काउंटरच्या मशीनला तो हात लावणार नाही, आणि यावर मी मागं हटणार नाही. पण मागच्या खोलीत एक जुनं मशीन पडून आहे. कुणाचा दाखला नाही, अंगठा नाही, बँक नाही. संध्याकाळी सातला शटर ओढल्यावर त्यावर टाकून बघतो. एकच विचारायचंय, ते रोजचं अपडेट बंद कसं करायचं?

ताराराणी_चौक

बंद करू नका! जुनी चाचणी आवृत्ती म्हणजे परवाचा मटणाचा रस्सा. चुका नव्या आवृत्तीत दुरुस्त होतात, सुरक्षेच्या सुद्धा. तुमच्याकडं त्या तशाच राहतील. रोज नवी घ्या नाहीतर काढून टाका.

सेतूवाला

टाकली. आमचा पावतीचा नमुना छापून बघितला. 'गुऱ्हाळ' मुद्दाम लिहिलं, व्यवस्थित आलं, याला फोटो पाठवलाय. पण पत्त्यातल्या 'कोल्हापूर'चा खालचा ऊकार छपाईत अर्धा कापलाय. मग काउंटरच्या मशीनवरनं छापलं, तिथंही कापलाय. मग फायलीतल्या जुन्या पावत्या काढल्या. सगळ्यांवर तेच. दोन वर्षं मी लोकांना अर्ध्या ऊकाराचं कोल्हापूर देतोय आणि एकानं सांगितलं नाही. हा ब्राउझरचा बग का आमच्या प्रिंटरचा?

अक्षरजुळारी (शाहूपुरी)

फॉन्ट कुठला?