तुवालू बुडतंय की वाढतंय?

मोजणीदार: "तुवालू बुडालंच समजा" असं इथे कुणीतरी लिहिलंय. ऑकलंडच्या संशोधकांनी प्रशांत महासागरातल्या या बेटांच्या देशाची १९७१ ते २०१४ मधली हवाई आणि उपग्रहाची चित्रं ताडून पाहिली. जमीन ७३ हेक्टरांनी, जवळपास ३ टक्के वाढलीय! उगाच गळे काढणं बंद करा.

सीमा_क: गळे काढणं? तो अभ्यास मीही वाचलाय. त्यात क्षेत्रफळ मोजलंय, उंची नाही. लाटा प्रवाळाचा चुरा काठावर आणून टाकतात, तीच ही वाढ. १९७२ च्या बेबी वादळाने फुनाफुटी या राजधानीच्या बेटाच्या काठावर सुमारे १८ किलोमीटर लांब दगडगोट्यांचा बांध रचला आणि घरं नेली. त्या बांधावर राहणार कोण? तिथे नदी नाही. जमिनीखालचं गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, खारं वर चढलं की पुलाकाची, म्हणजे तिथल्या अळूसारख्या कंदाची, खाचरं गेली. २०११ मध्ये पाऊस लांबला तर आणीबाणी लावावी लागली.

खलाशीबुवा: सीमाताई, पाण्याचं अगदी खरं. आमच्या बोटीवर तुवालूची पोरं होती, अमातुकूच्या खलाशी शाळेत शिकलेली. त्यातला एक घरी फोन लागला की आधी टाकीत पाणी किती ते विचारायचा, मग मुलांची चौकशी. आणि माडी! सकाळ-संध्याकाळ माडावर चढून पोय कापायची, ताजा रस पोरांनाही पाजायचा, उरलेला आटवून पाक करायचा. आपल्याकडे माडी म्हटलं की दारूच.

गुहागरकर: दारूच आहे ती, बुवा. माझ्या काकांचं घर तिच्यापायी उठलं. कौतुक नको.

खलाशीबुवा: आंबवलेली माडी वेगळी, ताजी वेगळी. तिथे भाजी पिकायची मारामार, पोरांच्या पोटात जातं ते हेच. तुमच्या काकांचा राग त्या लोकांवर काढू नका.

गुहागरकर: काकूने भोगलंय ते तुम्ही पाहिलं नाही. ताजी माडी दुपारपर्यंत चढते, मला शिकवू नका.

सीमा_क: माडीसाठी वेगळा धागा काढा ना!

मोजणीदार: उंचीचा मुद्दा घ्या, दिला. पण फुनाफुटीची वाट आधी अमेरिकेने लावली. १९४३ मध्ये धावपट्टीसाठी प्रवाळ उकरलं, खड्डे तसेच सोडले. त्यात खारं पाणी आणि कचरा, त्यालाच लागून घरं. २०१५ मध्ये कुठे ते भरले. याचं खापर हवामानावर का?

सीमा_क: कुणी फोडलं? पण वर्षाला २८० जणांना ऑस्ट्रेलियात वसायची मुभा २०२३ च्या करारात आली, ती खड्ड्यांमुळे नव्हे. पहिल्याच सोडतीला कुटुंबं धरून देशातल्या ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी नावं दिली.

मोजणीदार: पोटासाठीही माणसं जातात. कोकणातली गावं मुंबईला गेली, ती काय बुडाली होती?

सीमा_क: कोकणातला चाकरमानी गणपतीला परत येतो. ऑस्ट्रेलियाला गेलेल्याच्या नातवाला घराचं जोतं तरी सापडेल का, ते सांगा.

मोजणीदार: ते मी सांगू शकत नाही, ठीक. पण फुनाफुटीत भराव घालून सात हेक्टर उंच जमीन केलीय, ती राहायचं ठरवलेल्यांनीच. त्यांना आत्ताच बुडवू नका, माझं भांडण तेवढंच आहे.