अनुभव धागा: डीएमचा शब्द कुठवर चालतो?

रविवारी आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर वाजलं, म्हणून हा धागा. नवख्यांसाठी: यात प्रत्येक जण एक पात्र खेळतो, आणि गोष्ट सांगत, नियम लावत खेळ चालवतो तो डीएम. आमच्या चोराला भिंत चढायची होती. डीसी, म्हणजे जमायला लागणारा आकडा, 25. वीस बाजूंच्या फाश्यावर वीस पडला, वर पात्राचे तीन, झाले तेवीस. मी डीएम, म्हटलं पडलास. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत वीस पडला की आपोआप जमतं ते हल्ल्याला, कौशल्याला नाही. तो म्हणे, "वीसनेही जमणार नव्हतं तर फासा टाकायला काऊन लावला बे?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तर्रीपोहे निवून गेले. तुमचे किस्से टाका.

मनीषनगरचा विझार्ड:
अरुंद बोगद्यात मी फायरबॉल, म्हणजे जादूचा आगगोळा, टाकला. नुकसानीचे आठ फासे मोजून झाले आणि मग डीएम म्हणतात, आग जागा भरत मागे वळली, तुम्ही सगळे भाजले. दादा जुन्या आवृत्तीवर वाढलेले, तिथे तसंच होतं म्हणे. असेल. पण आम्ही पाचव्या आवृत्तीचं 2014चं नियमांचं पुस्तक घेऊन बसलो होतो! नियम बदला ना, आधी सांगा.

बाटलीबहाद्दर:
आमच्यात औषधाची बाटली स्वतः प्यायची तर बोनस अ‍ॅक्शन, म्हणजे पाळीतली मुख्य अ‍ॅक्शन हातची राहते. 2014च्या पुस्तकात पूर्ण अ‍ॅक्शन जाते, म्हणून एक गडी दर लढाईत पान उघडून दाखवायचा. 2024च्या पुस्तकात बोनस अ‍ॅक्शनच आली. आता म्हणतो, "मी कुठे नाही म्हणत होतो?"

धरमपेठची क्लेरिक:
माझा किस्सा मे महिन्यातला. दुपार, खोलीत कूलर फुल. डीएम ज्याच्या आड फासे टाकतो तो पडदा म्हणजे दोन लग्नपत्रिका क्लिपने जोडलेल्या. ओगर नावाच्या राक्षसाचा घाव माझ्या क्लेरिकवर, म्हणजे माझ्या पुजारीण पात्रावर, येत होता. पडद्याआड फासा खडखडला, "चार, हुकला," तो म्हणाला आणि तेवढ्यात कुणीतरी कूलरचं तोंड फिरवलं. पत्रिका आडव्या. फाश्यावर सतरा.

कुणी काही बोललं नाही. मला वाचवत होता, हे कळतं हो. पण सहा महिने मी कॉलेजात ज्या लढायांच्या फुशारक्या मारल्या, त्यातल्या माझ्या किती? विचारलं तर म्हणाला, डीएमला तेवढा अधिकार असतो. असतो, पुस्तकातही पडद्याआडच्या फेरफाराला मुभा आहे. तरी राग गेला नाही.

आता फासे उघड्यावर पडतात. पुढच्याच सेशनला माझी क्लेरिक मेली.