एनसीसीत हातानं काय काय केलंत? या, लिवा

पंचगंगाकाठ
काल लेक कॉलेजातनं आली ती थेट कपडे वाळत घालायची दोरी सोडूनच बसली. नवीन नवीन एनसीसी. "पप्पा, बोलाइनची गाठ जमंना." मी हातात घेतली आणि बोलता बोलता गाठ मारून मोकळा, 27 वर्षं झाली की ओ! आम्हाला उस्तादांनी, म्हणजे फौजेतल्या शिकवणाऱ्यांनी, शिकवलं ते असं: विरोळा (पाणसाप) विहिरीतनं वर आला, माडाला वळसा घातला, परत विहिरीत गेला. या गाठीला कितीबी ताण द्या, फास आवळत नाही, म्हणून माणसाच्या काखेखालनं घालायला हीच. 2019 ला आपल्या कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 43 ला आपण धोका म्हणतोय, तवा गल्लीतल्या एका आज्जीला माडीवरनं नावेत उतरवताना हीच मारली. आज्जी सारखी विचारायची, "लेकरा, सुटंल न्हवं?" नाही सुटली. तुमचं पण सांगा.

उद्यमनगरची_पोर
तराफा!!! आम्ही सहाजणी, 35 लिटरचे सहा निळे कॅन, बांबू आणि काथ्या. आधी नायलॉननं बांधलेलं ते घसरायला लागलं, सगळं सोडून परत काथ्यानं स्क्वेअर लॅशिंग केलं, म्हणजे आडवा-उभा बांबू काटकोनात आवळून बांधला, काथ्या बांबूला धरून बसतो. मॅडमनी आधी गणित करायला लावलं, एक लिटर हवा म्हणजे साधारण एक किलो उचलतो, मग 210 मधनं बांबूचं वजन वजा करा आणि सांगा किती पोरी बसणार. आम्ही तीन म्हणालो. शेततळ्यात सोडला, तिघी बसलो, तरंगला. लाइफ जॅकेट होती हां सगळ्यांना. माझ्या तळहाताला काथ्यानं आलेले फोड आठवडाभर होते आणि मी ते घरात सगळ्यांना दाखवत फिरलेलो. नंतर इंजिनिअरिंगला बॉयन्सी आली तवा मला ती शेततळ्यात आधीच कळलेली.

सध्या_पुण्यात
"दाखवत फिरलेलो" वाचून कोल्हापूरची आठवण आली ताई, इथं कोण पोरगी असं बोलत नाही 😢

उद्यमनगरची_पोर
या की मग परत भावा

शाहूपुरीचा_दादा
सँड मॉडेल, म्हणजे मुलखाचा उठावाचा नकाशा. पन्हाळा ते पावनखिंड. आठ फूट बाय सहा. 1:50000 च्या नकाशाची शीट समोर, कंटूरच्या (सारख्या उंचीच्या) एकेका रेषेनं पुठ्ठा कापायचा, एक थर म्हणजे 20 मीटर, आणि एकावर एक चिकटवायचे. आमाला वाटलेलं दिवाळीला किल्ले करणाऱ्या पोरांना हे काय अवघड, पण दिवाळीचा किल्ला आपण मनानं करतो, इथं रेषा सांगतील तसंच. रेषा जिथं एकमेकीला चिकटल्यात तिथं कडा, हे पुठ्ठा कापताना बोटाला कळतं, कारण पुढचा थर ठेवायला जागाच उरत नाही. वखारीतला भुसा हिरवा रंगवून झाडी, निळ्या रांगोळीची कासारी. पुढं जुलैत त्याच वाटेनं चालत गेलो, धो धो पाऊस, मसाई पठारावर हातभर पुढचं दिसंना, पण चढ कधी येणार ते आमाला ठाऊक होतं.

नर्सताई_कसबाबावडा
मसाई पठार!! तिथंच आमच्यातल्या एकीचा पाय मुरगळला. दोन लाठ्या, दोन शर्ट. बाह्या आतल्या बाजूला उलट्या घ्यायच्या, त्यातनं लाठ्या घालायच्या, बटणं बंद, झालं स्ट्रेचर. एका शर्टाची बटणं पटापटा उडाली, तो घरचा पातळ शर्ट होता. वर्दीच्या शर्टानं धरलं. चौघींनी आळीपाळीनं चिखलातनं आणलं तिला. मी नर्सिंगला गेले त्याला ते दोन तास कारण आहेत, हे मी घरी अजून कधी बोलले नाही. ड्युटीवर आहे, उरलेलं रात्री लिहिते.

आई_आठवीची
माझा मुलगा आठवीत आहे, घेतात का आता?

शाहूपुरीचा_दादा
घेतात की वैनी. ज्युनियर डिव्हिजन, दोन वर्षं, मग ए सर्टिफिकेट. शाळेत युनिट आहे का बघा पयलं.

सध्या_पुण्यात
मी एअर विंगवाला, मुंबईत होतो तवा. बाल्साचा ग्लायडर. लाकूड इतकं हलकं की फुंकर मारली तर टेबलावरनं जातंय. पंखाला पॉलिश पेपर मारत बसायचं तासन् तास, पुढची कड गोल, मागची कड पातळ. पहिल्यांदा फेकला तर नाक वर करून थांबला आणि शेपटीवर आपटला. सर म्हणाले बोटावर तोलून बघ. मग नाकावर चिमूटभर प्लॅस्टिसिन लावलं, परत फेकला, परत चिमूटभर. अकराव्या फेकीला मैदान ओलांडून गेला. सरांनी एकदाही हातात घेऊन नीट करून दिला नाही, नुसते शेजारी उभे असायचे उन्हात. लई मोठा माणूस.

आई_आठवीची
दादा, शाळेत युनिट आहे म्हणे! उद्या जाते. काथ्या कुठं मिळंल, आत्ताच मागायला लागलाय 🙂

उद्यमनगरची_पोर
लक्ष्मीपुरीत विचारा वैनी, जाड नको, करंगळीएवढा घ्या

पंचगंगाकाठ
लेकीला जमली!! डोळे मिटून सुद्धा. आता मंडळी विचारतीय कपडे कुठं वाळत घालू.

शाहूपुरीचा_दादा
गॅलरीच्या खांबाला क्लोव्ह हिचची गाठ मारून दोरी बांधा, लेकीलाच मारू द्या