प्रुफं वाचताना मागे काय लावू? गाणं शिकलेल्या कानांसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी एरंडवण्यात राहते. घरीच बसून मराठी पुस्तकांचं मुद्रितशोधन करते आणि मांडणी, मुखपृष्ठंही करते. या कामात अकरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत कामाची खोली शांत असावी यासाठी मला वेगळं काही करावं लागलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यापासून समोरच्या सोसायटीचा पुनर्विकास सुरू झाला. सकाळी नऊला काँक्रीट फोडायचा ब्रेकर सुरू होतो तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालतो. गणपती जवळ आल्यामुळे संध्याकाळी नदीपात्रात पथकांचा सराव असतो. खिडक्या लावल्या तरी ढोलाचा ठोका भिंतीतून आत येतो. पथकांबद्दल तक्रार नाही, माझा भाचाच ताशा वाजवतो. पण त्या वेळात एक पानही नीट वाचून होत नाही.

म्हणून हेडफोन घेतला आणि गाणी लावायला लागले. तिथून दुसरंच दुखणं मागे लागलं.

आधी भावगीतं लावली. लहानपणापासून ऐकलेली, सगळी पाठ. वाटलं, पाठ आहेत म्हणजे लक्ष जाणार नाही. झालं उलटंच. ओठ आपोआप हलतात. डोळे ओळीवरून पुढे जातात, पण ओळ आत उतरत नाही. मग ख्याल लावून पाहिला. मी सात वर्षं गाणं शिकले आहे. विलंबित आलापीत बरं चालतं, पण ठेका कानावर पडला की मी समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघायला लागते. तान सुरू झाली की पेन थांबतं. संतूर आणि बासरी त्यातल्या त्यात बरी. आलाप-जोडाच्या संथ भागापर्यंत काम होतं, ‘झाला’ हा शेवटचा जलद भाग सुरू झाला की गेलं. शेवटी मोबाइलवर लो-फाय म्हणून जे संथ, एकसारखं संगीत मिळतं ते लावलं. त्यात ऐकण्यासारखं काही नसतं, म्हणून लक्ष जात नाही हे खरं, पण अर्ध्या पाऊण तासात डोळे मिटायला लागतात.

हे सगळं इतक्या तपशिलात लिहिण्याचं कारण सांगते. दोन महिन्यांपूर्वी एका कवितासंग्रहाच्या तिसऱ्या फर्म्यात, म्हणजे सोळा पानांच्या तिसऱ्या भागात, ‘दिन’च्या जागी ‘दीन’ राहिलं आणि तसंच छापून आलं. दिवस मावळण्याची कविता होती, ती एका वेलांटीमुळे दारिद्र्याची झाली. कवी पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत. मला एका शब्दानेही बोलले नाहीत. प्रकाशनाच्या दिवशी टेबलाशी बसून ते एकेका प्रतीत पेनाने वेलांटी दुरुस्त करत होते. ते पान मी वाचलं तेव्हा कानात कुठलं गाणं होतं, हे मला आजही आठवतं.

तेव्हा विचारायचं आहे ते असं. शब्दांचं काम करताना मागे लावण्यासारखं संगीत आहे का, की हा नादच सोडू? मुखपृष्ठाच्या कल्पना काढताना मात्र गाण्याने मदत होते असं वाटतं. तो माझा भास आहे का? आणि तुमच्यापैकी जे गाणं किंवा वाद्य शिकलेत ते काय करतात? ‘शास्त्रीय लाव, मन एकाग्र होतं’ असं मला सगळे सांगतात. माझं मन एकाग्र होतं, पण रागावर.

*

भोसरीकर

ताई, मी लेथवर काम करतो. आमच्या शेडमध्ये दिवसभर रेडिओ चालू असतो. एकाच मापाचे दोनशे पीस काढायचे असतील तर गाण्यांशिवाय हात चालत नाही. पण नवीन ड्रॉइंग आलं की पहिलं काम म्हणजे रेडिओ बंद. हे आम्हाला कोणी शिकवलेलं नाही, सगळेच करतात. तुमचं काम रोज नवीन ड्रॉइंग वाचण्यासारखं दिसतंय.

*

मनोव्यापार

वरच्या प्रतिसादात मुद्दा नेमका आला आहे. मी मानसशास्त्र शिकवतो, म्हणून त्यामागचं कारण मांडतो.

वाचताना आपण शब्द मनात उच्चारून क्षणभर धरून ठेवतो. अंक किंवा अक्षरं ओळीने लक्षात ठेवायला सांगितली आणि मागे बोलण्याचा आवाज लावला, तर चुका वाढतात हे १९७६ पासूनच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. त्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका असं सांगूनही फरक पडत नाही. भाषा अजिबात न येणारी असली तरी चुका वाढतात. बोलणं परवानगी न घेता आत येतं. १९८९ साली सलामे आणि बॅडली यांनी संगीत घेऊन हेच तपासलं, तेव्हा वाद्यसंगीतापेक्षा गायनाने जास्त अडथळा झाला. म्हणजे भावगीताने तुमची वेलांटी सुटली यात तुमचा निष्काळजीपणा नाही. प्रूफ आणि गाणं एकाच जागेसाठी भांडत होते.

कल्पना सुचण्याचं गणित वेगळं आहे. २०१२ साली रवी मेहता आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ५० डेसिबलच्या शांततेपेक्षा ७० डेसिबलच्या गजबजीत लोकांना जास्त वेगळ्या कल्पना सुचल्या. ८५ डेसिबलला तो फायदा गेला. त्यांचं स्पष्टीकरण असं की, थोडा अडथळा आला की मन तपशिलातून सुटून मोकळं होतं. २०१७ च्या एका अभ्यासात आनंदी, उत्साही संगीत ऐकणाऱ्यांना शांततेत बसलेल्यांपेक्षा जास्त कल्पना सुचल्या. पण एकच बरोबर उत्तर शोधायच्या कोड्यांत त्याचा उपयोग झाला नाही. २०१९ साली ब्रिटिश संशोधकांनी शब्दकोडी घेतली. तीन शब्दांना जोडणारा चौथा शब्द शोधायचा. तिथे शब्द नसलेल्या संगीतानेही कामगिरी घसरली. ग्रंथालयातल्या बारीकसारीक आवाजांनी मात्र घसरली नाही.

त्यामुळे मुखपृष्ठाबाबतचा तुमचा अनुभव भास नाही. कल्पना काढताना खुशाल आनंदी गाणी लावा. प्रुफांना संगीत नको.

एक पुस्ती. ‘मोझार्ट ऐकला की बुद्धी वाढते’ असं कोणी सुचवलं तर मनावर घेऊ नका. १९९३ च्या त्या प्रयोगात ३६ विद्यार्थी होते, चाचणी कागदाच्या घड्या डोळ्यांपुढे आणण्यासारख्या कामाची होती आणि परिणाम दहा-पंधरा मिनिटं टिकला होता. बाकीचं सगळं नंतर जोडलेलं आहे.

*

मूळ प्रश्नकर्ती

मनोव्यापार, मनापासून आभार. ‘एकाच जागेसाठी भांडत होते’ हे वाचून बरंच ओझं उतरलं. पण प्रुफांना संगीत नको म्हटलं तरी शांतता आणायची कुठून? समोर ब्रेकर आहे.

*

ध्वनिवेध

दोन आवाजांना दोन उपाय लागतील. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन पंखा, विमान, जनरेटर असे सलग, खालच्या पट्टीतले आवाज चांगले मारतो. ढोलाचा ठोका किंवा ब्रेकरचा दणका अचानक येतो, तिथे तो कमी पडतो. म्हणून आत फोमचे इअरप्लग आणि वरून कान पूर्ण झाकणारा हेडफोन असं करून बघा. त्यावर हवा असेल तर सलग आवाज लावा. पावसाचा चालेल. ब्राउन नॉइज म्हणून मिळतो तोही चालेल. त्यात दर सप्तकाला वरचे सूर ६ डेसिबलने उतरत जातात, म्हणून तो धबधब्यासारखा जाड ऐकू येतो आणि व्हाइट नॉइजसारखा बोचत नाही.

फक्त बाहेरचा आवाज दाबायला हेडफोनचा आवाज चढवू नका. मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंत ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. तुम्ही दिवसाला सात-आठ तास बसत असाल तर ती तुम्हालाच लागू आहे.

*

जात्यावरची

थोडं विषयांतर करते, पण सांगावंसं वाटतं. पुण्यातच हेमा राईरकर आणि गी पॉटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हा संग्रह एक लाखाच्या वर गेला. त्या ओव्यांत शब्द ओसंडून वाहतात आणि काम थांबत नाही, कारण काम हातांचं आहे आणि जात्याच्या फेऱ्यातच ओवी बसलेली आहे. माझी आजी दळताना गायची, पण हिशेब लिहायला बसली की घरात कोणी बोललेलं तिला चालत नसे. कुठल्या कामाला शब्द लागतात आणि कुठल्या कामात ते आड येतात, हे आपल्या बायकांना केव्हाच माहीत होतं.

*

खर्जातली

गाणं शिकलेल्या कानांचं विचारलंत, म्हणून लिहिते. मी तीस वर्षं गाणं शिकवलं.

पाऊस किंवा ब्राउन नॉइज तुम्हाला चालेल, पण शिकलेल्या कानाला तो कोरडा वाटतो. तासाभरात कान सूर शोधायला लागतो. तुम्ही नुसता तंबोरा लावून बघा. चार तारा, पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज, म्हणजे खालचा षड्ज. त्याला शब्द नाहीत, ठेका नाही, सम नाही, म्हणून वाट बघण्यासारखं काही उरत नाही. जवारी, म्हणजे तारांचा झणकार, चांगली लागलेली असेल तर त्यातून इतके स्वर फुटत राहतात की कान उपाशीही राहत नाही.

आता खरी गोष्ट. तुम्ही पेटीच्या काळी चार किंवा पाच या पट्टीत गात असाल. त्या पट्टीत तंबोरा लावू नका. स्वतःच्या पट्टीतला षड्ज ऐकला की गळा आपसूक लागतो, मग नि-रे-ग सुरू, आणि प्रुफं राहिली बाजूला. पुरुषांच्या पट्टीत लावा. काळी एक. गळा तिथे सहज बसत नाही, म्हणून गुणगुणणं होत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने परीक्षेच्या अभ्यासाला हे केलं होतं. आवाज इतकाच ठेवा की हेडफोन काढल्यावर तो थांबला हे कळावं.

आणि कामाला बसण्याआधी वीस मिनिटं एखादा राग ऐका. दुसरं काही न करता, डोळे मिटून. तुम्हाला गाणं हवंच आहे, ते कामात घुसतं कारण दिवसात त्याला दुसरी जागा मिळत नाही.

*

नारायणपेठी

सरावाच्या वेळेत पुणे मराठी ग्रंथालयात जाऊन बसा. खुर्च्यांचा, पानांचा, पंख्याचा आवाज असतो. वर २०१९ च्या प्रयोगात म्हटलंय तोच.

*

मूळ प्रश्नकर्ती

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. उशीर झाला, कारण नीट तपासून मगच सांगायचं होतं.

हातात एक कादंबरी होती. लेखक एकच, अक्षरजुळणी एकाच ठिकाणची, त्यामुळे सगळे फर्मे साधारण सारख्या अवघडपणाचे. प्रत्येक फर्मा, म्हणजे सोळा पानं, वेगळ्या आवाजात वाचला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, समोरची साइट झोपलेली असताना, पुन्हा वाचून सुटलेल्या चुका मोजल्या. भावगीतांच्या फर्म्यात ९ सुटल्या होत्या. संतूरच्या फर्म्यात ५. तंबोरा मुद्दाम आधी माझ्या काळी चारमध्ये लावून पाहिला, तर ६ सुटल्या, आणि खर्जातली म्हणतात तसं मी खरंच गुणगुणत होते, मुलीने येऊन सांगितलं. मग काळी एक. त्यात २ सुटल्या. इअरप्लग आणि वर ब्राउन नॉइज, ३. एकेका फर्म्यावरून मोठा निष्कर्ष काढता येणार नाही हे कळतं, म्हणून काळी एकवर आणखी चार फर्मे वाचले. सुटलेल्या चुका कधी १, कधी ३, त्याच्या वर गेल्या नाहीत.

चुकांचा प्रकारही बदलला. भावगीतांत वेलांट्या-उकार आणि ‘कि’-‘की’ सुटत होते, म्हणजे मनात उच्चारून पकडायच्या चुका. तंबोऱ्यावर सुटलं ते अवतरणचिन्ह किंवा जास्तीची जागा, म्हणजे डोळ्याने पकडायचं.

ढोलाच्या वेळेत आता प्रुफं घेतच नाही. साडेसहा ते नऊ मुखपृष्ठं आणि आतली मांडणी. तेव्हा सतारीची द्रुत गत लावते, चांगली मोठ्याने नाही पण ऐकू येईल अशी, आणि मधूनमधून ठोका आत आला तरी चालतो. एका बालकथासंग्रहाच्या मुखपृष्ठाची कल्पना मला त्या ठोक्यांतच सुचली. आठवड्यातून दोन दुपारी ग्रंथालयात जाते. तिथे मागे काहीच लावावं लागत नाही.

सकाळी वीस मिनिटं ऐकायला बसले त्याचं चौथ्या दिवशी रियाजात रूपांतर झालं. सहा वर्षांनी तंबोऱ्यासमोर बसले. आता शंका एवढीच आहे, खर्जातलीताई. दिवसभर काळी एक कानात राहिली तर माझी पट्टी बिघडेल का?

*

खर्जातली

नाही बिघडणार. दुपारी उठताना हेडफोन काढा, पाच मिनिटं थांबा, मग काळी चारमध्ये एक लांब षड्ज लावून पाणी प्यायला जा. रियाज सकाळीच ठेवा, आणि पहिला महिना खर्जावरच.